‘थिंक अँड ग्रो रिच’ आणि त्याचा लेखक: माझे आक्षेप

उद्यमबागकर

नेपोलियन हिलचं ‘थिंक अँड ग्रो रिच’ हे श्रीमंत कसं व्हावं सांगणारं पुस्तक सध्या बेळगावच्या उद्यमबागेत, म्हणजे आमच्या कारखान्यांच्या वसाहतीत, या हातातून त्या हातात फिरतंय. मराठी भाषांतर आहे, कन्नड आहे, फोनवर ऐकायचंही आहे. मी इथल्या एका फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, कोअर शॉप बघतो; कास्टिंगच्या आत पोकळी राहावी म्हणून साच्यात वाळूचे कोअर बसवतात, ते बनवायचं खातं. हाताखालची आयटीआय झालेली पोरं जेवणाच्या सुट्टीत त्यावरच बोलत असतात, म्हणून मी ते पूर्ण वाचलं, काही प्रकरणं परत परत वाचली. मला हे पुस्तक पटत नाही, आणि लेखक तर अजिबात विश्वासाचा वाटत नाही. बेळगाव, खानापूर, निपाणीकडचे बरेच जण या फोरमवर असतात, म्हणून इथंच मांडतो.

सुरुवात माझ्या कामापासून करतो. पुस्तकात हेन्री फोर्डच्या व्ही-८ इंजिनाची गोष्ट आहे. फोर्डला आठही सिलिंडर एकाच ब्लॉकमध्ये ओतलेले हवे होते. इंजिनिअर म्हणाले, होणार नाही. फोर्ड म्हणाला, करा. सहा महिने गेले, आणखी सहा महिने गेले, आणि मग जादू व्हावी तसं गुपित उलगडलं. हिल म्हणतो, जिंकला तो फोर्डचा निर्धार.

ज्यानं हातानं कोअर बसवलाय त्याला ही गोष्ट अर्धवट आहे हे लगेच कळेल. दोन ओळींत चार-चार सिलिंडर, त्यांच्याभोवती पाणी खेळायच्या पोकळ्या, आणि फोर्डच्या त्या इंजिनात एक्झॉस्टचे मार्गसुद्धा ब्लॉकच्या आतूनच काढलेले. प्रत्येक पोकळीला वाळूचा कोअर लागतो. तो बॉक्समध्ये भरायचा, भाजायचा, साच्यात नीट बसवायचा. लोखंडाचा रस ओतला की तो कोअरला उचलू बघतो. कोअर जरा जरी सरकला तरी एका बाजूची भिंत पातळ आणि दुसरी जाड. ओल राहिली की वाफेनं आत भोक पडतं, ते ब्लो-होल. कास्टिंग बाहेरून झकास दिसतं, मशीनवर चढवल्यावर भोक उघडं पडतं आणि सगळी मेहनत स्क्रॅपमध्ये. हे सगळं ज्यांनी निस्तरलं त्या पॅटर्नवाल्यांचा, कोअरवाल्यांचा, मोल्डरांचा त्या गोष्टीत उल्लेखसुद्धा नाही.

शिवाय ‘अशक्य’ म्हणून जे सांगितलंय ते आधीच झालेलं होतं. जनरल मोटर्सच्या वायकिंग गाडीत १९२९ सालीच एकसंध ब्लॉकचं व्ही-८ होतं. फोर्डचं १९३२ साली आलं. फोर्डचं कर्तृत्व मोठंच आहे, पण ते वेगळं आहे: असला अवघड ब्लॉक त्यानं सामान्य माणसाच्या गाडीसाठी, स्वस्तात आणि मोठ्या प्रमाणावर ओतून दाखवला. ते सांगायचं तर फाउंड्रीबद्दल, खर्चाबद्दल, वाया गेलेल्या ब्लॉकांबद्दल लिहावं लागलं असतं. हिलला ते नको होतं.

आता लेखकाबद्दल. पुस्तक १९३७ सालचं, अमेरिकेतल्या महामंदीतलं. त्याचा सगळा डोलारा एका दाव्यावर उभा आहे. १९०८ साली पोलादाच्या धंद्यात गडगंज झालेल्या अँड्र्यू कार्नेगीनं तरुण हिलला यशाचं सूत्र सांगितलं आणि ते पडताळून बघायचं काम दिलं, मग वीस वर्षं खपून हिलनं पाचशेहून जास्त श्रीमंतांचा अभ्यास केला, असा तो दावा. कार्नेगी १९१९ साली वारला. त्याचं सविस्तर चरित्र लिहिणारे इतिहासकार डेव्हिड नासॉ यांना या दोघांची भेट झाल्याचा कसलाही पुरावा मिळाला नाही. आणि १९१८ साली हिल शिकागोत जाहिरातकला शिकवणारी संस्था चालवत होता, तेव्हा शेअरविक्रीचा कायदा मोडल्यावरून त्याच्यावर अटक वॉरंट निघालं होतं. लोकांना श्रीमंतीचा मार्ग दाखवणाऱ्या माणसाचा हा इतिहास पोरांना कुणी सांगत नाही.

आणि हे मला का टोचतं, तेही सांगतो. आमच्या खात्यातल्या एका चांगल्या पोरानं कामाला रामराम ठोकला. एका मंगल कार्यालयात सभा होती, साखळी पद्धतीनं माल विकायची स्कीम. तिथं सगळ्यांना हेच पुस्तक वाटण्यात आलं. त्यानं हिलच्या सहा पायऱ्यांप्रमाणे कागदावर रक्कम लिहिली, तारीख लिहिली, आरशावर चिकटवला, सकाळ-रात्र मोठ्यानं वाचला. आईच्या पाटल्या गहाण पडल्या. माल घरात पडून राहिला. तो परत आला तेव्हा स्कीमबद्दल एक शब्द बोलला नाही. म्हणाला, “काका, माझीच इच्छा कमी पडली.” या वाक्याचं मूळ पुस्तकात आहे. ज्याला जमलं त्याची इच्छा प्रबळ होती, ज्याला जमलं नाही त्याची नव्हती, एवढाच त्याचा हिशेब.

मच्छेवाला

उद्यमबागकर, तुमचा मान राखून विरोध करतो. मी या पुस्तकावर उभा राहिलेला माणूस आहे.

मी सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर, ऑपरेटर होतो. घरात धंदा कुणी केलेला नाही. वडील म्हणायचे, महिन्याचा पगार बरा. हे पुस्तक वाचल्यावर पहिल्यांदा डोक्यात आलं की आपणही करू शकतो. जुनं लेथ घेतलं, भाड्याचं शेड घेतलं, जॉबवर्क सुरू केलं. आज माझ्याकडे चार माणसं कामाला आहेत. रक्कम आणि तारीख लिहायची पद्धत मीही पाळली, आणि तिचा मला उपयोग झाला. हप्ता कधी फिटायला हवा, त्यासाठी महिन्याला किती पीस निघायला हवेत, हे त्या कागदामुळेच डोक्यात पक्कं बसलं.

हिल कार्नेगीला भेटला की नाही, मला काय करायचंय? औषध लागू पडलं की वैद्याची कुळी कोण विचारतो? त्या पोराला फसवलं ते स्कीमवाल्यांनी. पुस्तकाला का झोडपता?

शहापूर_माग

मी विणकराच्या घरातली. आमचे माग आधी रात्रंदिवस चालायचे, आता निम्मे बंद आहेत. सुताचा दर आमच्या हातात नाही, साडीचा भाव व्यापारी ठरवतो, बाजारात सुरतची स्वस्त साडी. लॉकडाऊनमध्ये माल पडून राहिला तो फटका अजून भरून निघालेला नाही. अशा घरात भाऊ हे पुस्तक घेऊन आला आणि बाबांना म्हणाला, तुमची विचारसरणीच गरिबीची आहे. ज्या माणसानं उभा जन्म मागापुढं घालवला, तुटलेला धागा कानानं ओळखला, त्याला हे ऐकावं लागलं. मला त्याचा फार राग आला आणि तो अजून आहे.

दुसरं, पुस्तकात आम्ही बायका कुठं आहोत? पाचशे श्रीमंत म्हणजे पाचशे पुरुष. बाई येते ती बहुतेक वेळा नवऱ्याला प्रेरणा द्यायला. कामवासनेच्या शक्तीचं रूपांतर करायचं म्हणून एक सबंध प्रकरण आहे, तेही पुरुषांना उद्देशूनच. कांड्या भरणारी, साडीला घडी घालणारी, हिशेब ठेवणारी बाई हिलला दिसलीच नाही. मच्छेवाले दादा, तुमच्या शेडचे पहिले हप्ते फिटत होते तेव्हा घर कुणाच्या पैशावर चाललं होतं, तेवढं सांगा. टोमणा मारत नाही, मनापासून विचारते.

मच्छेवाला

ताई, बायकोच्या पगारावर. ती खासगी शाळेत शिकवते. हे मी कधी लपवलं नाही. पण धाडस मी केलं आणि ते पुस्तकामुळं केलं, हेही तितकंच खरं आहे.

निपाणीकर

आमच्याकडचं सांगतो. निपाणी म्हंजे तंबाखू. शेतकरी वर्षभर राबणार आणि वखारवाला म्हणंल तो दर. १९८१ ला शरद जोशींच्या पुढारपणाखाली शेतकरी हायवेवर येऊन बसले, बायकापोरांसकट. शेवटी गोळीबार झाला, शेतकरी मेले. माझे आजोबा त्या रस्त्यावर होते. त्यांची इच्छा कमी होती म्हणून दर मिळत न्हवता काय? वखारीत तंबाखू चाळणाऱ्या बायका, घरात विड्या वळणाऱ्या बायका, त्यांनी युनियन केली तवा मजुरी वाढली. छाट म्हणून टाकलेल्या विडीचे पैसे कापून घ्यायचे, ते भांडल्याबिगर थांबलं न्हाई. एकट्यानं आरशापुढं उभा राहून ह्यातलं काय होणार होतं?

आणि ज्या कार्नेगीचं नाव घेऊन हिलनं पुस्तक खपवलं त्याची पण एक बाजू बघा. १८९२ ला त्याच्या होमस्टेडच्या पोलाद कारखान्यात मजुरीवरनं भांडण लागलं. मालकांनी पिंकर्टन कंपनीची बंदूकवाली माणसं बोटीतनं आणली. मारामारी झाली, दोन्हीकडची माणसं मेली, युनियन मोडली. कार्नेगी तवा स्कॉटलंडला होता. एवढी मोठी गोष्ट, आणि कार्नेगी श्रीमंत कसा झाला हे शिकवणाऱ्या पुस्तकात तिला जागा न्हाई.

कडोली_ग्रंथालय

मी गावच्या वाचनालयाचं काम बघतो. आमच्या भागात कडोली, उचगाव, येळ्ळूर, बेळगुंदी अशा गावांत दरवर्षी मराठी साहित्य संमेलनं भरतात. तिथल्या पुस्तकांच्या स्टॉलवर गेली काही वर्षं कथा-कादंबऱ्या मागच्या रांगेत गेल्या आहेत आणि पुढं ही यशाची पुस्तकं. पोरं विकत घेतात, त्यात वाईट काही नाही, वाचतात तरी. पण ज्या मातीत आपण उभे आहोत तिथली खरी गोष्ट त्यांना माहीत नसते याचं वाईट वाटतं.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचं उदाहरण घ्या. जन्म १८६९, बेळगाव जिल्ह्यातलं गुर्लहोसूर. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते. बढती डावलली गेली म्हणून नोकरी सोडून बेळगावला आले. थोरल्या भावाबरोबर, रामूअण्णांबरोबर सायकलचं दुकान चालवलं. मग कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. लोखंडानं जमीन नासते असं शेतकऱ्यांना वाटायचं, म्हणून नांगर पडून राहिले. पुढं बेळगावातली जागा नगरपालिकेच्या कारभारामुळं सोडावी लागली. तेव्हा औंधच्या राजेसाहेबांनी, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी जमीन दिली, भांडवलाला हात दिला, आणि १९१० मध्ये कुंडल रोड स्टेशनजवळच्या निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली.

हिलच्या साच्यात ही गोष्ट घातली तर काय उरेल? एक जिद्दी माणूस आणि त्याचा नांगर. रामूअण्णा गळतील, राजेसाहेब गळतील, त्या माळावर पहिल्यांदा राहायला गेलेली कुटुंबं गळतील. लक्ष्मणरावांची जिद्द मला कमी करायची नाही. पण जागा गेल्यावर औंधचा दरवाजा उघडला नसता, तर त्याच जिद्दीचं काय झालं असतं हा प्रश्न प्रामाणिक लेखकानं विचारायला हवा. त्याच काळात बेळगावात असाच नांगर करू बघणारा आणि कर्जात बुडालेला कुणी असेलही. त्याचं नाव कुठल्या पुस्तकात येणार?

विशेष_शिक्षिका

मी कर्णबधिर मुलांना शिकवते. या पुस्तकातलं इच्छाशक्तीचं प्रकरण पालक माझ्याकडे घेऊन येतात, म्हणून लिहिते.

हिलचा मुलगा जन्मला तेव्हा त्याला बाहेरचे कानच नव्हते. हिल लिहितो की मुलाला ऐकू येईलच अशी त्यानं मनाशी गाठ बांधली, आणि त्याला खुणांची भाषा शिकू दिली नाही. मुलाला शेवटी नीट ऐकू आलं ते कॉलेज संपता संपता, विजेवर चालणारं श्रवणयंत्र लावल्यावर. हे हिल स्वतःच लिहितो, आणि तरी श्रेय इच्छेला देतो.

हे वाचून एखादी आई ठरवते की मुलाला खुणा शिकवायच्या नाहीत, आपण मनापासून इच्छा धरू. भाषा शिकायची पहिली वर्षं मुलाच्या हातून निघून जातात, आणि ती परत मिळत नाहीत. मग ती आई माझ्यासमोर बसून विचारते की माझी श्रद्धा कुठं कमी पडली. तिला काय उत्तर द्यायचं?

उद्यमबागकर

बाई, तुम्ही हे लिहिलंत ते बरं केलंत. व्ही-८ च्या गोष्टीत वाळू लपवली, इथं यंत्र समोर असून त्याला बाजूला सारलं. लिहायची पद्धत एकच.

मच्छेवाले, तुमच्या वैद्याच्या मुद्द्याला उत्तर देतो. लेखक खोटा असला तरी पुस्तक चांगलं असू शकतं, हे मी कथा-कादंबरीच्या बाबतीत मान्य करीन. पण इथं लेखक म्हणतो, मी वीस वर्षं अभ्यास केला, पाचशे माणसं पाहिली, त्यातून हे नियम काढले. पुस्तकाची सगळी किंमत त्या अभ्यासात आहे. कार्नेगीनं नेमलं ही पहिलीच पायरी पुराव्याशिवाय असेल, तर पुस्तकातले यशाचे तेरा नियम कुणावर आणि कधी तपासले? कास्टिंगबरोबर टेस्ट सर्टिफिकेट मागता ना तुम्ही? सर्टिफिकेट खोटं निघालं तर लॉट परत पाठवता.

तुमचा कागद आणि स्कीममधल्या त्या पोराचा कागद यांत फरक आहे, तोही बघा. तुमच्या कागदावर पीस होते, हप्ता होता, मशीनचे तास होते. हाताला आधीच काम येत होतं, गिऱ्हाईक ओळखीचं होतं, घरी एक पगार चालू होता. त्याच्याकडे नुसती रक्कम आणि तारीख.

आणि अपयशाच्या कारणांची यादी उघडा. पहिलंच कारण जन्मानं आलेल्या बुद्धीची कमतरता. अशा माणसांसाठी फारसं काही करता येत नाही, असं हिल तिथं लिहितो. बाकी यादीत बहुतेक दोष माणसाच्या अंगचेच: टाळाटाळ, चिकाटी नाही, निर्णय घेता येत नाही. मंदीत बँका बुडाल्या, गिरण्या बंद पडल्या, लाखो लोक रस्त्यावर आले, त्या काळात लिहिलेली ही यादी आहे. ज्यांची नोकरी गेली त्यांच्या हातात ती ठेवणं मला क्रूर वाटतं.

खानापूरचा_पोरगा

तुम्ही सगळी मोठी माणसं बोलताय, मी भरतीची तयारी करणारा आहे. पहाटे रस्त्यावर पळतो, दिवसा काजूच्या कारखान्यात जातो. माझं शिक्षण मराठीतनं. सरकारी परीक्षेला कन्नड लागतं, ते माझं कच्चं. सैन्याची एक भरती हुकली. घरात आणि गावात सगळे सांगतात, जमणार नाही, आपल्या भागातल्या पोरांना कोण विचारतो. हे पुस्तक एकटं असं होतं जे म्हणालं, जमेल. तुम्ही तेही काढून घेताय. त्याच्या बदल्यात काय देताय? निपाणीकर मामा, आंदोलन करून माझी छाती वाढणार नाही आणि पळायचा टायमिंग कमी होणार नाही. ते मलाच करावं लागतं.

निपाणीकर

बरोबर बोललास पोरा. पळायचं तुलाच हाय. पण हुकलास तर दोष तुझ्या इच्छेचा असं कुणी सांगितलं तर ऐकू नकोस. जागा किती आणि पोरं किती ते बघ. हजारो पोरं मैदानावर, सगळ्यांचीच इच्छा पेटलेली. तिथं इच्छेवरनं निवड होत न्हाई.

शहापूर_माग

खानापूरच्या दादा, कन्नडचं मनावर घे. मी मराठी शाळेत शिकले, कन्नड मागाच्या धंद्यात बोलून शिकले, लिहायला नंतर शेजारच्या काकूंकडून. सीमाप्रश्नाचं जे व्हायचं ते कोर्टात होईल, २००४ पासून दावा पडून आहे. तोवर तुझं वय थांबणार नाही. मराठीवर माझं प्रेम तुझ्याइतकंच आहे, आणि तरी सांगते.

उद्यमबागकर

खानापूरच्या पोरा, तुझा प्रश्न रास्त आहे, सरळ उत्तर देतो.

पुस्तक फेकून दे असं मी म्हणत नाही. नियोजनाच्या प्रकरणात नोकरीसाठी अर्ज कसा करायचा, स्वतःची माहिती कशी मांडायची, मालकाला आपला उपयोग कसा पटवायचा, हे बारकाईनं लिहिलंय. तेवढं प्रकरण आजही कामाचं आहे, ते वाच. विशेष ज्ञान मिळवायचं प्रकरणही वाच. सहावं इंद्रिय, मेंदूतून लहरी जातात, रात्री डोळे मिटून मनातल्या मनात थोर माणसांची बैठक भरवायची, हे सोडून दे.

बदल्यात काय देतो? भरतीचं वय निघून गेलं तर काय, याचा विचार आत्ताच करून ठेव. आयटीआयला टर्नर, फिटर, मशिनिस्ट, मोल्डर हे ट्रेड आहेत. अप्रेंटिसशिपला स्टायपेंड मिळतो, आणि फाउंड्रीत चांगला कोअर बसवणारा माणूस आज शोधून सापडत नाही. काम अंगमोडीचं आहे, उष्णता आहे, धूळ आहे, मास्क न लावता उभं राहायचं नाही. पगार किती, ओटी (ओव्हरटाइम) कसा धरतात, पीएफ कापतात का, हे पहिल्या दिवशी विचारायचं, लाजायचं नाही. या प्रश्नांवर हिलच्या पुस्तकात एक ओळ नाही.

आणि जमणार नाही असं जे तुला सांगतात, त्यांचंही ऐकू नकोस. पळत राहा. या वेळी टायमिंग किती आलं, मागच्या वेळी किती होतं, ते वहीत लिही.

कडोली_ग्रंथालय

पुस्तक आमच्या कपाटात राहणार. वाचनालयानं पुस्तक काढून टाकायचं नसतं. किर्लोस्करांवरचं जे काही आमच्याकडे आहे ते मी त्याच्या शेजारी लावतोय. कुणी हिल मागितला की दोन्ही हातात देतो.

मच्छेवाला

सगळं वाचलं. हिलनं कार्नेगीबद्दल खोटं सांगितलं असेल तर ते वाईटच, त्याची बाजू मी घेणार नाही. पण माझ्या शेडमध्ये नवीन पोरगा आला की मी हे पुस्तक देत राहणार. कारण मला कुणी धंदा कर म्हणालं नव्हतं, ना घरात, ना शाळेत, ना कारखान्यात, आणि या पुस्तकानं म्हटलं. उद्यमबागकर, व्ही-८ ची गोष्ट मात्र यापुढं मी तुमच्या पद्धतीनं सांगेन, कोअर आणि ब्लो-होलसकट. आणि खानापूरच्या पोरा, भरती झाली नाही तर मच्छेला ये. लेथवर बसायची तयारी असेल तर शिकवतो, शिकतानाही पगार देतो.